दोनशे मिनिटांची वाटणी : एका कॉलेज बास्केटबॉल संघाच्या रोटेशनचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सर्वोच्च विभागात, खेळणाऱ्या एका पुरुष बास्केटबॉल संघाचे आहे. संघ, कॉलेज आणि संबंधित व्यक्ती यांची नावे वगळली असून ओळख पटू शकेल असे तपशील मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. हा संघ ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात नियमित सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, खेळतो ती ‘मिड-मेजर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातली आहे. अशा कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेत बहुतेक वेळा एकच संघ जातो आणि तो मार्चमधल्या कॉन्फरन्स स्पर्धेचा विजेता असतो. त्यामुळे नोव्हेंबरपासूनच्या साऱ्या कष्टांचे भवितव्य अखेर लागोपाठच्या तीन-चार दिवसांवर ठरते. रोटेशन किती खोल असावे, म्हणजे नियमितपणे किती खेळाडूंना मैदानात उतरवावे, हा प्रश्न या संघापुढे ज्या रीतीने आला, तो या एका गोष्टीशिवाय नीट समजत नाही.

मुख्य प्रशिक्षक अनुभवी होते आणि त्यांची पद्धत बहुसंख्य प्रशिक्षकांसारखीच होती. नोव्हेंबरमध्ये दहा जणांना आजमावायचे, डिसेंबरअखेर ती संख्या आठ-नऊवर आणायची आणि फेब्रुवारीत सातच विश्वासू खेळाडूंवर भिस्त ठेवायची. या पद्धतीत वरवर पाहता वावगे काही नाही. अडचण अशी की नोव्हेंबरमध्ये दहाव्या खेळाडूला मिळणारी मिनिटे बहुधा निकाल लागून गेलेल्या सामन्याच्या शेवटी, दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मिळतात. त्यातून प्रशिक्षकाला त्या खेळाडूविषयी फारसे कळत नाही आणि खेळाडूलाही स्वतःविषयी कळत नाही.

मिनिटांचे गणित आधी मांडून ठेवणे सोयीचे होईल. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटे. सुरुवातीचे पाचही जण प्रत्येकी ३६ मिनिटे खेळले तर १८० मिनिटे तिथेच संपतात आणि बाकावरच्या सगळ्यांसाठी मिळून २० उरतात. तेच पाच जण ३२ मिनिटांवर थांबले तर राखीव खेळाडूंना ४० मिनिटे मिळतात. ती तिघांत वाटली तर प्रत्येकाला सुमारे तेरा आणि पाच जणांत वाटली तर आठच. आठ मिनिटे म्हणजे चार-चार मिनिटांच्या दोन पाळ्या. इतक्या वेळात राखीव खेळाडूच्या हाती चेंडू मोजक्या वेळा येतो आणि त्याची एक चूक डोळ्यांत भरते. नवव्या-दहाव्या खेळाडूविषयी मत इतक्या लवकर आणि इतके कठोर का बनते, याचे मोठे कारण या भागाकारातच आहे.

समस्या

डिसेंबरच्या शेवटी संघाच्या दुसऱ्या चेंडू-हाताळणाऱ्या गार्डचा घोटा मुरगळला आणि तो तीन आठवडे बाहेर गेला. कॉन्फरन्सचे सामने नुकतेच सुरू होत होते. प्रशिक्षकांनी नऊवरून थेट सातवर उडी घेतली. पहिल्या चारपैकी तीन सामने संघाने जिंकले आणि सात जणांचा संघ ‘जमला’ असे सर्वांनाच वाटू लागले. एखादा निर्णय तात्पुरता म्हणून घेतलेला असतो, पण पाठोपाठ यश आले की तो तात्पुरता होता हेच विसरले जाते. इथे नेमके तेच झाले. घोटा बरा होऊन गार्ड परत आला तेव्हा त्याला जुनी जागा मिळाली नाही. तो आठवा झाला आणि त्याच्या वाट्याला सामन्यागणिक चार-पाच मिनिटे आली.

कॉन्फरन्सचे सामने गुरुवारी आणि शनिवारी असत, मध्ये एक दिवस आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी बसचा प्रवास. जानेवारीच्या उत्तरार्धात शनिवारच्या सामन्यांच्या दुसऱ्या सत्रात संघ घसरू लागला. मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू, ३७-३८ मिनिटे खेळत होता. त्याचे फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या बिनविरोध फेकी, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटू लागले. फेकीत पायांचा जोर कमी पडू लागला की चेंडू असा आखूड पडतो. बचावात तो नेमबाजापर्यंत अर्धे पाऊल उशिरा पोहोचत होता. थकलेला बचावपटू पाय हलवण्याऐवजी हात घालतो, म्हणून संघाचे फाउलही वाढले. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात एका सत्रातल्या सातव्या सांघिक फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला बोनसचे फ्री थ्रो मिळतात आणि ही मर्यादा आता सत्र निम्मे सरण्यापूर्वीच ओलांडली जात होती.

तरीही खरा प्रश्न ज्या सामन्यात उघड झाला, तो थकव्याचा नव्हता. एका शनिवारी सेंटरला पहिल्या सत्रात आठ मिनिटे शिल्लक असताना दुसरा फाउल लागला. पाच फाउलांनंतर खेळाडू बाद होतो, म्हणून पहिल्या सत्रात दोन फाउल झालेल्या खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवण्याचा प्रघात आहे आणि प्रशिक्षकांनी तो पाळला. नववा खेळाडू, एक उंच फॉरवर्ड, जवळपास तीन आठवड्यांनी पहिल्यांदा महत्त्वाच्या वेळी मैदानात उतरला. पिक अँड रोलवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू चेंडूवाल्या साथीदारासाठी बचावपटूच्या वाटेत आड उभा राहून (स्क्रीन) मग बास्केटकडे धावतो तेव्हा, आपल्या संघाने स्क्रीनच्या वर येऊन चेंडूवाल्याला अडवायचे, अशी हाक होती. तो मागे बास्केटकडे सरकला. पुढच्याच चढाईत पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा त्याच्यामागे धावणाऱ्या गार्डने हात पसरून बाकाकडे पाहिले आणि ते पाहून त्या मुलाने तिसऱ्या वेळी नको तिथे वर धाव घेतली. चार मिनिटांत त्याला परत बोलावले गेले.

सोमवारी चित्रफीत पाहताना एका साहाय्यक प्रशिक्षकांनी कारण शोधले. गेले महिनाभर हा खेळाडू सरावात स्काउट टीममध्ये होता, म्हणजे येत्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली मुख्य संघासमोर खेळून दाखवण्याचे काम करत होता. ज्या आठवड्यात तो चुकला त्या आठवड्यात त्याने तीन दिवस प्रतिस्पर्ध्याचा बचाव घोटवला होता आणि तो बचाव मागे सरकण्याचाच होता. त्याला जे शिकवले होते ते त्याने चोख केले. फक्त ते दुसऱ्याच संघाचे होते.

या सगळ्याला आणखी एक पदर होता. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ मध्ये सुरू झाले आणि २०२१ पासून खेळाडूला एकदा तरी वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागले. त्यानंतर बाकावरच्या मिनिटांचा संबंध पुढच्या वर्षीच्या संघाशी थेट जोडला गेला आहे. ज्याला यंदा खेळायला मिळत नाही, तो एप्रिलमध्ये निघून जाऊ शकतो.

विचारात घेतलेले पर्याय

प्रशिक्षकवर्गात मतभेद होते आणि ते प्रामाणिक होते. एका साहाय्यकांचे म्हणणे असे की शनिवारच्या पराभवांचे कारण थकवा नसून प्रतिस्पर्धी सरस होते, त्यांचे तीन गुणांचे फटके लागले आणि आपले लागले नाहीत. चार-पाच सामन्यांवरून हा वाद मिटवता येत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. त्यामुळे निर्णय पुराव्यावर कमी आणि कोणती जोखीम पत्करायची यावर अधिक ठरणार होता.

पहिला पर्याय सात जणांवरच ठाम राहण्याचा होता. त्याच्या बाजूने इतिहास आहे. २०१५ मध्ये ड्यूकच्या संघात हंगामाच्या उत्तरार्धात शिष्यवृत्तीवरचे आठच खेळाडू उरले होते आणि त्यांनी विस्कॉन्सिनला ६८-६३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सातच्या समर्थकांनी हे उदाहरण पुढे केले, पण संघ काही काळ मागे पडलेल्या त्या अंतिम सामन्यात हंगामातला बराच काळ बाकावर काढलेल्या ग्रेसन ॲलनने १६ गुण केले, याकडे विरुद्ध बाजूने लक्ष वेधले. दुसरे उदाहरण २०२२ च्या व्हिलानोव्हाचे. मोजक्या खेळाडूंवर चालणारा हा संघ उपांत्यपूर्व सामन्यात ह्यूस्टनला ५०-४४ असे हरवून पुढे गेला, पण त्याच सामन्याच्या अखेरीस जस्टिन मूरच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि पुढच्या फेरीत कॅन्ससने त्यांना ८१-६५ असे हरवले. छोट्या रोटेशनची खरी किंमत ही अशी असते. ती बहुतेक वर्षी मोजावी लागत नाही, आणि ज्या वर्षी लागते त्या वर्षी हाती काहीच उरत नाही.

दुसरा पर्याय नेमका उलट, म्हणजे दहा जण खेळवून पूर्ण मैदानभर प्रेस लावण्याचा, प्रतिस्पर्ध्याला सगळीकडे दबावाखाली ठेवण्याचा होता. प्रशिक्षक नोलन रिचर्डसन यांच्या आर्कान्साने १९९४ मध्ये याच दमछाक करणाऱ्या शैलीवर विजेतेपद मिळवले. २०१४-१५ च्या केंटकीने हंगामाच्या सुरुवातीला पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या आलटून पालटून उतरवल्या आणि तो संघ उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरेपर्यंत सलग ३८ सामने जिंकला. डिव्हिजन ३ मधल्या ग्रिनेल कॉलेजने तर आइस हॉकीसारखे पाचही जण एकदम बदलण्याचा प्रकार रूढ केला. पण केंटकीच्या दुसऱ्या तुकडीतले खेळाडूही देशभरातून निवडून आणलेले होते, आणि ग्रिनेलचा सगळा खेळच त्या बदलांभोवती रचलेला आहे. आपल्या संघाचा दहावा खेळाडू आर्कान्साच्या दहाव्यासारखा नाही, हे मुख्य प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले आणि जानेवारीअखेर नवी बचावशैली बसवायला सरावाचे दिवस नाहीत, हेही. हा पर्याय दहा मिनिटांत निकालात निघाला, आणि ते योग्यच झाले.

तिसरा पर्याय मोहात पाडणारा होता. एका नवोदित फॉरवर्डला रेडशर्ट ठेवले होते, म्हणजे यंदा सामने न खेळवता त्याचे पात्रतेचे वर्ष राखून ठेवले होते. सर्वसाधारण नियमानुसार हंगामातल्या सामन्यात तो एक मिनिट जरी उतरला, तरी ते वर्ष खर्ची पडले असते. सरावात तो नवव्या खेळाडूपेक्षा उजवा दिसत होता. पण अजून उणेपुरे दीड महिना चालणाऱ्या हंगामातल्या आठ-दहा मिनिटांसाठी पुढचे अख्खे वर्ष देणे हा सौदा खेळाडूच्या हिताचा नव्हता. प्रशिक्षकांनी त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारण्याआधीच हा पर्याय सोडून दिला. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता, जरी निकालपत्रिकेत तो कुठे दिसत नाही.

उरला चौथा पर्याय : आठ जणांचे नियमित रोटेशन आणि प्रतिस्पर्धी पाहून वापरायचा एक सशर्त नववा खेळाडू.

निर्णय आणि अंमलबजावणी

चौथा पर्याय स्वीकारला गेला, पण ‘आठ की नऊ’ हा आकडा ठरवण्यापेक्षा तो अमलात कसा आणायचा यावर अधिक वेळ दिला गेला. पुढच्या घटना पाहता ते महत्त्वाचे ठरले.

पहिला बदल पहिल्या सत्रापुरता होता. राखीव खेळाडूंच्या पाळ्या सामन्याआधीच कागदावर लिहिल्या जाऊ लागल्या आणि गुणफलक काहीही सांगत असला तरी त्या पाळायच्या असे ठरले. दुसऱ्या सत्रात मात्र प्रशिक्षकांना पूर्ण मोकळीक होती. पाळ्या टीव्हीच्या टाइमआउटभोवती बेतल्या गेल्या. प्रत्येक सत्रात घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांखाली गेल्यावर खेळ पहिल्यांदा थांबला की हे टाइमआउट होतात. पॉइंट गार्डला घड्याळात सुमारे १२:४० उरले असताना बाहेर काढायचे आणि टाइमआउट संपून एक-दोन चढाया झाल्या की परत पाठवायचे. अशाने त्याची खेळातली मिनिटे दीड-दोनच कमी होतात, पण टाइमआउट धरून प्रत्यक्ष बसायला चार-पाच मिनिटे मिळतात.

दुसरा बदल जोड्यांचा होता. एका वेळी दोनपेक्षा जास्त खेळाडू बदलायचे नाहीत, आणि मुख्य पॉइंट गार्ड किंवा घोट्यातून सावरलेला गार्ड यांपैकी एक जण कायम मैदानावर हवाच. बाकावरची मंडळी एकत्र उतरली की ती जितकी कच्ची दिसते, तितकी प्रत्येक जण सुटा असताना नसते.

तिसरा बदल सरावात झाला आणि त्याची वाच्यता सर्वांत कमी झाली. आठव्या आणि नवव्या खेळाडूला आठवड्यातून दोन दिवस स्काउट टीममधून काढून मुख्य संघात घेतले गेले. त्यांची जागा शिष्यवृत्ती नसलेल्या वॉक-ऑन खेळाडूंनी भरली. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या चालींचे अनुकरण थोडे कच्चे होऊ लागले, हा तोटा जाणूनबुजून स्वीकारला गेला.

सेंटरच्या दोन फाउलांचा प्रघातही सैल केला. दोन फाउल झाल्यावर त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवणे म्हणजे जी मिनिटे गमावण्याची भीती आहे, ती आपणच आधी गमावून मोकळे होणे. यापुढे संघ झोन बचावात, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी एकेक जागा राखण्याच्या बचावात असेल तर तो दोन फाउलांसह पहिल्या सत्रातही परत येऊ शकेल, असे ठरले.

मुख्य प्रशिक्षकांनी नवव्या खेळाडूला बोलावून त्याचे काम नेमके सांगितले : समोर दोन उंच खेळाडू असतील किंवा आपण झोनमध्ये जाऊ, तेव्हाच त्याला उतरवले जाईल, एरवी नाही. आठव्यालाही त्याच्या पाळ्या समजावून दिल्या. सहाव्या आणि सातव्या खेळाडूंशी मात्र वेगळे बोलण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण त्यांची जागा ‘पक्की’ होती.

निष्पत्ती

फेब्रुवारीतल्या पहिल्याच बाहेरच्या सामन्यात, पहिल्या सत्रात ठरलेल्या पाळीत राखीव खेळाडू आत असताना, प्रतिस्पर्ध्यांनी सलग नऊ गुण केले आणि संघ सात गुणांनी हरला. जुन्या पद्धतीकडे परतण्याचा दबाव लगेच आला. इथे प्रशिक्षकांनी आधी ते नऊ गुण एकेक करून पाहिले. दोन तीन-गुणी फटके चांगल्या बचावावरून, हात तोंडासमोर असताना मारलेले होते. उरलेले तीन गुण नियमित संघातल्या फॉरवर्डने चेंडू गमावल्यामुळे गेले होते. राखीव खेळाडूंच्या चुकीने गेलेला एकही गुण सापडला नाही. योजना कायम राहिली.

पुढच्या तीन आठवड्यांत पॉइंट गार्डची मिनिटे ३३-३४ वर आली. शनिवारच्या सामन्यांत सुधारणा झाली, पण त्या काळातले दोन प्रतिस्पर्धी तळाचे होते, म्हणून तिचे सारे श्रेय रोटेशनला देणे बरोबर होणार नाही. संघ पाचव्या मानांकनावर राहिला. पहिल्या चारांना पहिली फेरी माफ होती, पाचव्याला नव्हती. याचा अर्थ विजेतेपदासाठी चार दिवसांत चार सामने.

पहिले दोन सामने संघाने जिंकले. उपांत्य सामना तिसऱ्या दिवशी, अव्वल मानांकित संघाशी होता. सेंटरला पाचव्याच मिनिटाला दुसरा फाउल लागला. संघ झोनमध्ये गेला आणि नववा खेळाडू उतरला. पहिल्या सत्रात तो अकरा मिनिटे खेळला, त्याने रिबाउंड घेतले, एकदाही चुकीच्या जागी उभा राहिला नाही आणि मध्यंतराला संघ तीन गुणांनी पुढे होता. जानेवारीत चार मिनिटांत परत बोलावलेला हाच तो खेळाडू.

दुसऱ्या सत्रात मात्र मोकळीक घात करून गेली. शेवटची दहा मिनिटे प्रशिक्षकांनी सुरुवातीच्या पाच जणांनाच खेळवले आणि पॉइंट गार्ड अख्ख्या सत्रात एकदाही बसला नाही. ४० सेकंद शिल्लक असताना संघ एका गुणाने मागे होता आणि पॉइंट गार्ड वन-अँड-वनच्या फ्री थ्रोसाठी रेषेवर होता. पहिला फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेवर लागला, त्यामुळे दुसरा मिळालाच नाही. संघ दोन गुणांनी हरला. एका फ्री थ्रोवरून थकवा सिद्ध होत नाही, ताजेतवाने खेळाडूही ते चुकवतात. पण आठव्या खेळाडूला सत्राच्या मध्यावर दोन-तीन मिनिटे देण्यास कोणतीही अडचण नव्हती. सहा आठवडे त्याला त्याच कामासाठी तयार केले होते.

एप्रिलमध्ये एक खेळाडू पोर्टलमध्ये गेला. तो आठवा नव्हता, नववाही नव्हता. तो सातवा होता, ज्याची मिनिटे नव्या वाटणीत अठरावरून चौदावर आली होती आणि ज्याला त्याचे कारण कोणी सांगितले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू डिसेंबरमधला होता. कॉलेजच्या सत्रपरीक्षांमुळे डिसेंबरच्या मध्यावर सामन्यांत काही दिवसांची फट पडते. रोटेशनचा विचार करायला हंगामात याहून चांगली वेळ नसते, कारण सराव करता येतो आणि निकालांचा दबाव नसतो. त्या फटीत आठव्या-नवव्या खेळाडूची कामे ठरली असती, तर घोटा मुरगळल्यावर सातवर उडी मारावी लागली नसती. जानेवारीअखेर जे केले, ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते. पाणी लागले हे नशीब.

दुसरा बिंदू गार्ड परतला तेव्हाचा. दुखापतीमुळे रोटेशन आखडते घेताना ते परत कधी तपासायचे याची तारीख त्याच दिवशी ठरवून लिहून ठेवायला हवी होती. तसे नसल्यामुळे तीन विजयांनी एक आपत्कालीन व्यवस्था कायमची करून टाकली.

तिसरा मुद्दा दुसऱ्या सत्रातल्या मोकळीकीचा आहे आणि यावर मतभेद होऊ शकतो. अटीतटीच्या सामन्यात प्रशिक्षकाचे हात कागदाने बांधावेत असे मला वाटत नाही. शेवटची चार-पाच मिनिटे सर्वोत्तम पाच जणांचीच असावीत. पण दुसऱ्या सत्राच्या १२ मिनिटांच्या टाइमआउटभोवतीची एक पाळी पहिल्या सत्रासारखीच बंधनकारक ठेवता आली असती. लागोपाठ तिसऱ्या दिवशी खेळताना तर ती ठेवायलाच हवी होती, कारण ही सारी योजना त्या दिवसासाठीच आखली होती.

सातव्या खेळाडूबाबतची चूक साधी आहे. वाटणी बदलते तेव्हा ज्याला जास्त मिळते त्याच्याशी बोलणे सोपे जाते. ज्याचे कमी होते, त्याच्याशी बोलणे अधिक गरजेचे असते. चार मिनिटांची कपात कागदावर किरकोळ दिसते, पण अठरा मिनिटे खेळणाऱ्याच्या दृष्टीने तो एक पंचमांशाहून मोठा वाटा आहे.

पुढच्या हंगामासाठी प्रशिक्षकवर्गाने दोन गोष्टी निश्चित केल्या आहेत. स्काउट टीमचे काम शक्य तितके वॉक-ऑन खेळाडूंकडे राहील आणि नोव्हेंबरमध्ये आठव्या-नवव्या खेळाडूंच्या पाळ्या पहिल्या सत्रात, सुरुवातीच्या खेळाडूंच्या जोडीने असतील. रेडशर्ट ठेवलेला फॉरवर्ड त्या यादीत आहे. दुसऱ्या सत्रातली पाळी बंधनकारक करायची की नाही, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.